पुढचा डावा कोपरा

माझे धाकटे दीर एकतीस वर्षं बसचे ड्रायव्हर होते आणि त्यानंतर सहा वर्षं शाळेच्या व्हॅनचे. एवढ्या काळात त्यांच्या गाडीचा धक्का कुणाला लागला नाही. हे मी वहिनी म्हणून कौतुकाने सांगत नाही. निवृत्त होताना डेपोने त्यांना तसा कागद दिला होता. दुसऱ्या कुणी तो चौकटीत घालून भिंतीवर लावला असता. भाऊजींनी तो गादीखाली ठेवला, लायसन्सच्या झेरॉक्सबरोबर.

लग्न त्यांनी केलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "स्टिअरिंगवर एकच माणूस बसतो." डेपोत त्यांना 'बिनहॉर्न' म्हणत, आणि हे नाव पुढे व्हॅनमधल्या पोरांनीही कुठून तरी मिळवलं. हॉर्न वाजवणं त्यांना कमीपणाचं वाटे. "हॉर्न म्हणजे कबुली," ते म्हणायचे. "की मी आधी बघितलं नव्हतं."

माझे यजमान, म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, गेल्यावर दुसऱ्या गुरुवारी ते माझ्याकडे आले आणि मग दर गुरुवारी येत राहिले. सकाळी पोरांना शाळेत सोडलं की परतीच्या फेरीपर्यंत त्यांना तीन तास मोकळे असत. पहिले काही गुरुवार आम्ही समोरासमोर बसून चहा प्यायलो आणि पंख्याबद्दल बोललो. पंखा आवाज करत होता. तो त्यांनी दुरुस्त केला, तेव्हा तोही विषय संपला.

पुढच्या गुरुवारी मला घड्याळाचा पट्टा बदलायचा होता. दुकान बाजाराच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, आणि त्याच्या शेजारी गेम्सचं दुकान. त्याला दार नव्हतंच. आतला अंधार आणि गोंगाट सरळ जिन्यापर्यंत येत होता. भाऊजी तिथे थबकले. आत एका रांगेत चार मशीन होती, प्रत्येकाला सीट, स्टिअरिंग, पायाशी पेडल, हाताशी गिअर.

"वहिनी, हे बघा. सगळी गाडी आहे, चाकंच नाहीत."

"मग बसा की," मी म्हणाले. का म्हणाले कुणास ठाऊक.

ते लगेच बसले नाहीत. आधी मशीनला एक पूर्ण फेरी मारली, मागच्या वायरी बघितल्या, सीटचा पाया चपलेच्या टोकाने ठोकून पाहिला.

"काका, ते काही पळून जाणार नाही," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या. त्या चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून पेपर वाचत होत्या.

"गाडी ताब्यात घेतोय," भाऊजी म्हणाले.

मग पडदा उजळला. निळंशार आकाश, समुद्राच्या कडेने वळत जाणारा रस्ता, एका रंगाची झाडं. इतकं स्वच्छ होतं सगळं की त्या जगात धूळ नावाची गोष्टच नसावी. तीन, दोन, एक झालं आणि बाकीच्या गाड्या किंचाळत निघून गेल्या. भाऊजींनी गिअर टाकला, आरशात पाहायला मान वळवली, आरसा नव्हता, तरी पाहिलं, आणि सावकाश निघाले. आपल्या पट्ट्यातून. वळणाआधी वेग कमी करून. पडद्यावर मोठाले आकडे उलटे धावत होते.

"अहो काका, ही शर्यत आहे!"

"असेल. पुढे वळण आहे."

वेळ संपला. गाडी आपोआप थांबली, भर रस्त्यात. हरल्याचं त्यांना काही वाटलं नाही. संताप आला तो वेगळ्याच गोष्टीचा. "मधोमध उभी केली! मागून कुणी आलं म्हणजे?"

मी हसले. त्या महिन्यातलं माझं ते पहिलं हसू, तारखेसकट माझ्याकडे लिहिलेलं आहे.

तेव्हापासून आमचा गुरुवार तिथे जायला लागला. दोन महिन्यांत भाऊजी शर्यत शिकले. गाडीकडे बघायचं नाही, रस्ता जिथे नाहीसा होतो तिथे बघायचं, म्हणजे हात आपले आपण वळतात, असं ते मला समजावून सांगत. बोगद्यातून बाहेर पडताना पडदा क्षणभर पांढराफटक व्हायचा. तेव्हा मी डोळे मिटत असे, ते मिटत नसत. बर्फाच्या डोंगरावरचा तिसरा टप्पा त्यांनी ओलांडला तेव्हा शाळकरी पोरं मागे उभं राहून बघत होती. एकाने विचारलं, "आजोबा, तुम्ही रेसर होता का?" भाऊजी म्हणाले, "नाही बाळ. मी सात नंबरच्या बसवर होतो."

विमानाचं मशीन पलीकडे होतं. त्याचा थाट निराळा. सीट खाली-वर कलायची, हातात दांडा, दांड्यावर अंगठ्याखाली एक लाल बटण. पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवी गोल चकती होती आणि शत्रूची विमानं तिच्यात ठिपके होऊन फिरायची. मी ते एकदाच चालवलं. दांडा ओढला तर आकाश खाली गेलं आणि समुद्र डोक्यावर आला. कुणीतरी माझ्यावर गोळ्या झाडत होतं आणि मी त्याला "थांबा हो" म्हणत होते. पाऊण मिनिटात माझं विमान पाण्यात गेलं. काउंटरच्या बाई म्हणाल्या, "पहिल्यांदा सगळ्यांचं बुडतं." पण मला दिवसभर हुरहूर लागून राहिली. पडद्यावरचं का होईना, मरण एवढं सहज येतं याची.

भाऊजींना विमान आवडायचं, पण ते त्यांना पटायचं नाही. "इथे रस्ताच नाही, वहिनी. चूक करायला केवढी जागा!" गोळ्या ते कमी मारत, चुकवत जास्त. समोरून आलेलं विमान पोटाखालून जाऊ देत आणि मान डोलावत, जणू अरुंद पुलावर समोरच्या ट्रकला वाट दिली.

लिहून ठेवायची कल्पना त्यांचीच. "तुम्ही रोज लिहिताच ना? मग हेही लिहा." डेपोत म्हणे गाडी घेताना आणि परत देताना एक कागद भरावा लागे. त्यावर वरून दिसणारी बस काढलेली असे, नुसता लांबट चौकोन. जिथे ओरखडा, तिथे फुली. पुढचा उजवा कोपरा, पुढचा डावा, मागचा उजवा, मागचा डावा. ड्रायव्हरची सगळी अब्रू त्या चौकोनात. तसा चौकोन मी दर गुरुवारच्या पानावर काढायचा आणि खेळताना गाडी जिथे आपटेल तिथे फुली मारायची. विमानासाठी वेगळा चौकोन, मार कुठून आला त्याचा. शाळेत नन्सनी आम्हाला सवय लावली होती की आधी तारीख, वार, वेळ, मग हकिगत. त्यामुळे मला हे काम जड गेलं नाही. दीड वर्षभर ते चौकोन बहुतेक कोरे राहिले. कधी एखादी फुली, कधी इकडे, कधी तिकडे.

मग एका गुरुवारी ते आले नाहीत. फोन केला, डोकं दुखतंय म्हणाले, सकाळी जरा भोवळल्यासारखं झालं होतं, पण पोरांची फेरी केली. माझ्या पानावर तेवढंच आहे.

पुढच्या गुरुवारी ते आले, आणि मशीन डावीकडे ओढतंय अशी त्यांची तक्रार सुरू झाली. बोगद्याच्या तोंडाशी डावा कठडा घासला. पुढच्या खेपेला रस्त्याकडेचं पिंप उडालं. "स्टिअरिंग बिघडलंय," ते बाईंना म्हणाले. दर पंधरा दिवसांनी मशीन बघायला येणारा मेकॅनिक होता, जाडजूड, शांत माणूस, खिशात चार स्क्रूड्रायव्हर. भाऊजींचा तो मान ठेवायचा. त्याने त्यांच्यासमोर मशीन उघडलं, तपासलं, काही नाही म्हणाला, पण काकांचं मन राखायला स्टिअरिंग जरासं उजवीकडे करून दिलं.

आठवड्याने बाई कावल्या. "काका, तुमच्या हौसेपायी मशीन तिरकं करून ठेवलंय. आता प्रत्येक पोरगं येऊन सांगतं, गाडी उजवीकडे पळते. सगळे माझ्या डोक्यावर बसलेत!"

"पोरांना चालवता येत नाही," भाऊजी म्हणाले.

तरी डावीकडच्या टकरी चालूच राहिल्या. विमानातही तेच. चेतावणीची शिटी वाजायची आणि भाऊजी पुटपुटायचे, "कुठून? कुठून?" तोवर पडदा लाल झालेला. आणि एकदा परत येताना सहज म्हणाले, "व्हॅनचंसुद्धा तेच झालंय. दोन महिन्यांत तीनदा अलाइनमेंट केली. गॅरेजवाला म्हणतो सगळं ठीक आहे. हल्लीच्या कारागिरांना ऐकूच येत नाही गाडी काय म्हणते ते."

मीही तेव्हा मान डोलावली.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी जुनी पानं चाळत होते, एका बिलाची तारीख शोधायला. चौकोनामागून चौकोन पुढे जात होते. डोकं दुखल्याच्या गुरुवारानंतरच्या पानांवर मी थांबले, मागे गेले, पुन्हा पुढे आले. सव्वीस फुल्या होत्या. त्यांतल्या तेवीस पुढच्या डाव्या कोपऱ्यात. विमानाच्या चौकोनातही तसंच, खालून डावीकडून. दोन निरनिराळी मशीन आणि तिसरी ती व्हॅन, तिन्ही एकाच बाजूला बिघडली होती.

व्हॅनमध्ये अकरा मुलं होती. त्यांतली सर्वांत लहान माझ्याच इमारतीतली, खालच्या मजल्यावरची. सहा वर्षांची. तिला सगळे चिमणी म्हणत.

आता मी काय केलं ते सांगते. मी काही केलं नाही. गुरुवारपर्यंत थांबले. नीट पाहू, उगाच शितावरून भाताची परीक्षा नको, असं स्वतःला समजावलं. गुरुवारी मी भाऊजींच्या मागे उभी न राहता बाजूला उभी राहिले, पडद्याकडे नव्हे, त्यांच्या चेहऱ्याकडे बघत. खालच्या डाव्या कोपऱ्यातून एक विमान आलं. चांगलं मोठं होत आलं. भाऊजींच्या डोळ्यांत काहीच हललं नाही. चुकवायला उशीर झाला असं नव्हतं. त्यांच्यापुरतं ते आलंच नव्हतं.

तरी त्या दिवशी मी बोलले नाही. चहा केला. त्यांनी कप उचलला, चव छान आहे म्हणाले, आणि डावीकडे ठेवलेल्या बिस्किटांना हात लावला नाही. मी बशी उजवीकडे सरकवली तेव्हा म्हणाले, "अरे वा, बिस्किटंही आहेत!"

दोन दिवसांनी जिन्यात चिमणीची आई भेटली. ती औषधांच्या दुकानात काम करते, नेहमी घाईत असते. "काकू, तुमचे भाऊजी हल्ली हॉर्न वाजवायला लागलेत हं! आमची चिमणी म्हणते, आता त्यांचं नाव बदलायला हवं." ती हसली, मीही हसले. घरात येऊन दार लावलं आणि किती तरी वेळ तशीच उभी राहिले. तेव्हाही मी खाली जाऊ शकले असते. चौदा पायऱ्या.

का गेले नाही? गाडी गेली तर या माणसाकडे काय उरणार, हे एक कारण. दुसरं कारण लिहायला मला वेळ लागला, ते असं की माझ्याकडे येणारा तो एकटाच माणूस होता.

पुढच्या गुरुवारी त्यांच्यासमोर वही उघडली. त्यांनी पानं उलटली. ते कागद वाचायला मुरलेले होते, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. कान लाल झाले.

"मशीन खराब आहे."

"भाऊजी, मशीन दोन आहेत. आणि व्हॅन."

"म्हणजे मी आंधळा झालो?" त्यांनी पाकिटातून घडी केलेला कागद काढून टेबलावर आपटला. डोळ्यांच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र होतं, चारच आठवड्यांपूर्वीचं. "शेवटची ओळ वाचलीय मी. छापील अक्षरं. हे खरं की तुमच्या फुल्या खऱ्या?"

"डॉक्टरांनी समोरचं वाचायला सांगितलं. कोपऱ्यातलं नाही."

"सदतीस वर्षं! सदतीस वर्षांत एक ओरखडा दाखवा! आणि तुम्ही मला पोरांच्या खेळावरून शिकवताय? वहिनी, तुम्ही सायकलवरसुद्धा बसल्या नाहीत कधी!"

"नाही बसले. पण ती चिमणी रोज तुमच्या गाडीत बसते."

त्यांनी चहा अर्धा टाकला आणि गेले. जाताना दाराच्या डाव्या चौकटीला त्यांचा खांदा लागला. ते वळले, चौकटीकडे पाहिलं आणि जिना उतरले.

शुक्रवारी मी दोन्ही वेळा खिडकीत उभी होते. व्हॅन आली, गेली.

शनिवारी सकाळी खाली व्हॅन उभी राहिली. शाळेला सुट्टी होती. भाऊजी वर आले नाहीत, खालूनच म्हणाले, "वहिनी, या. पायात चपला घाला, चालायचं आहे." सीटखाली कुणा मुलाचा लाल चेंडू राहिला होता, तो त्यांनी माझ्या हातात दिला.

बंद पडलेल्या जुन्या डेपोचं मैदान जवळच आहे. ते फार हळू गेले, सगळा वेळ मान डावीकडे-उजवीकडे फिरवत. मैदानात त्यांनी व्हॅन अशी लावली की समोर तीसेक पावलांवरचा दिव्याचा खांब काचेच्या मधोमध आला. खांबाच्या दोन्ही बाजूंना जुन्या टायरांच्या राशी होत्या, माझ्या डोक्याइतक्या उंच.

"मी खांबाकडे बघत राहणार. मान हलवणार नाही, डोळेही नाही. तुम्ही राशीमागे उभ्या राहा आणि चेंडू पायाने ढकला, खांबासमोरून पलीकडे जाईल असा. कुठल्या बाजूने ते सांगू नका. बाजू बदलायची तर व्हॅनच्या मागून जा. चेंडू दिसला की मी हॉर्न वाजवीन."

"हॉर्न?"

"हो. हॉर्न," ते म्हणाले.

मी उजव्या राशीमागून चेंडू ढकलला. तो टायरांबाहेर पडतो न पडतो तोच हॉर्न वाजला. मी चेंडू आणला, पुन्हा उजवीकडूनच ढकलला. लगेच हॉर्न. मला इतकं बरं वाटलं की मी राशीमागे एकटीच हसले. मग व्हॅनला वळसा घालून डावीकडे गेले. ढकलला. चेंडू घरंगळत गेला, खांबापर्यंत पोचला, खांब ओलांडला, आणि मग हॉर्न वाजला. पुन्हा ढकलला. पुन्हा तसंच. चेंडू निम्मं मैदान पार करायचा आणि मग हॉर्न.

तिसऱ्यांदा माझा पाय नीट लागला नाही. चेंडू थोडा गेला आणि खांबाच्या अलीकडे एका खड्यापाशी थांबला. लाल भडक, उघड्या जमिनीवर. मी वाट बघितली. हॉर्न नाही. वारा होता, टायरांमधून आवाज येत होता.

"ढकला ना, वहिनी!" भाऊजी काचेमागून ओरडले. "दमलात का?"

"ढकललाय."

मग त्यांनी मान वळवली असावी, कारण व्हॅनचं दार उघडलं. ते उतरले, चालत चेंडूपाशी गेले आणि त्याच्याकडे बघत उभे राहिले. नव्या ड्रायव्हरला पहिल्या दिवशी ते एक गोष्ट शिकवत, मीही ती दहा वेळा ऐकली होती. तीच ते आता कुणाला तरी सांगावी तशी हळू म्हणाले. "चेंडूमागे पोर असतं."

तिथूनच त्यांनी शाळेच्या मुख्याध्यापिकांना फोन केला. सोमवारपासून दुसरा माणूस बघा, व्हॅन डेपोच्या मैदानात आहे, मी ती इथून हलवणार नाही. कारण विचारल्यावर म्हणाले, "मला डावीकडचं दिसत नाही. मला कळलं नव्हतं." एवढं सरळ. किल्ली त्यांनी रुमालात बांधली. आम्ही चालत निघालो आणि मी त्यांच्या डाव्या बाजूला झाले.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं ते असं. डोळे उत्तम आहेत. मेंदूला एक लहानसा झटका येऊन गेला, बहुधा त्या डोकेदुखीच्या दिवशी, आणि चित्राचा खालचा डावा तुकडा तेवढा नोंदला जात नाही. तिथे अंधार दिसत नाही, काही कमी आहे असंही वाटत नाही. म्हणून माणूस गाडीला दोष देतो. "तुम्हाला कळणं शक्यच नव्हतं," ते भाऊजींना म्हणाले. माझ्याबद्दल ते काही बोलले नाहीत, त्यांना माहीत नव्हतं.

पण हे नंतरचं. त्या शनिवारी आणि रविवारी भाऊजींना एकच काम दिसत होतं. अकराही घरी जाऊन स्वतः सांगायचं. फोनवर नाही. मी म्हटलं, शाळा कळवेल. ते म्हणाले, "मुलं शाळेने नाही, त्यांनी माझ्या हातात दिली होती." आम्ही पायी गेलो. कुणी पाणी दिलं, कुणी पाठीवर हात ठेवला. एका आजोबांनी तर उलट त्यांचंच सांत्वन केलं. प्रत्येक घरी भाऊजी तीच चार वाक्यं त्याच क्रमाने बोलत.

अकरावं घर चिमणीचं. रविवारी पाच वाजता. ती मागे फरशीवर खडूने काहीतरी काढत होती. तिच्या आईने सगळं ऐकून घेतलं, उभ्यानेच.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"झालं असेल दोन-अडीच महिने," भाऊजी म्हणाले.

"तसं नाही. तुम्हाला माहीत होऊन किती दिवस?"

"गुरुवारी वहिनींनी सांगितलं. मी मानलं नाही. शुक्रवारी गाडी चालवली मी. ती चूक माझी."

ती माझ्याकडे वळली. "आणि काकू, तुम्हाला?"

खोटं बोलायला जागा नव्हती आणि बोलावंसंही वाटलं नाही. "मागच्या नाही, त्याच्या मागच्या रविवारपासून," मी म्हणाले. "दहा शाळेचे दिवस. वीस फेऱ्या."

"जिन्यात मी तुमच्याशी हसले," ती म्हणाली. "हॉर्नवरून. तुम्हीसुद्धा हसलात."

"हो."

तिने आवाज चढवला नाही. चिमणीला आत घेतलं आणि दार लावून घेतलं, आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

वर माझ्या खोलीत भाऊजी टेबलापाशी बसले. मग म्हणाले, "लिहायला घ्या. नव्या माणसाला मुलांची माहिती द्यायला हवी. त्याला काय माहीत कोण कसं आहे." मी कागद घेतला आणि ते डोळे मिटून सांगत गेले, जसे थांबे येतात त्या क्रमाने. पहिला मुलगा दप्तर विसरतो, त्याला दारातच विचारायचं. दुसरी आणि तिसरी बहिणी आहेत, शेजारी बसवायच्या नाहीत. चौथ्याला वळणावर मळमळतं, खिडकीपाशी जागा. त्यांना सगळं पाठ होतं, कोण कुणाशी भांडतं, कुणाची आई उशिरा येते, कुणाला गडगडाटाची भीती वाटते. अशी दहा झाली.

"चिमणी. शेवटची उतरते. डाव्या दारातून. घर रस्त्यापलीकडे, म्हणून गाडीच्या पुढून जाते. ती समोरून उजवीकडे पोचलेली दिसल्याशिवाय गिअर टाकायचा नाही. कितीही घाई असली तरी नाही. हे ठळक लिहा."

मी ठळक लिहिलं.

"हल्ली फार रेंगाळायची," ते म्हणाले. "उतरली तरी समोर यायचीच नाही. मी वाट बघत बसायचो. म्हटलं, करते काय ही एवढा वेळ तिथे? मग एकदम समोर उभी. मी तिला…" त्यांनी डोळे उघडले. "वहिनी, मी तिला रागावलो एकदा. म्हटलं, चालत नाही जायचं, धावत जायचं. मागच्या आठवड्यात. त्यानंतर ती धावायची."

मी पेन खाली ठेवलं.

"ती रेंगाळत नव्हती," ते म्हणाले.

खाली रस्त्यावरून एक स्कूटर गेली. भाऊजी टेबलाला धरून उठले. सदरा नीट केला.

"हे तिच्या आईला सांगितलं नाही आपण."

"उद्या सांगू. आज तिने दार लावलंय, भाऊजी."

"उघडेल. नाही उघडलं तर दाराबाहेरून सांगतो. आणि चिमणीलाही सांगायचंय, धावायचं नाही म्हणून. उद्या सकाळी नवा माणूस येईल, त्याच्या आत."

ते जिन्याकडे निघाले. डावीकडचा कठडा त्यांना दिसला नाही, हात हवेतच राहिला. मी पुढे होऊन तो हात धरला आणि त्यांच्या डाव्या बाजूने पायरी उतरले. त्या दाराशी मलाही बोलायचंच होतं.